१४७० आरपीएमचं भूत: चाकाचा वेग मोजण्याच्या नोंदी

४ जून

दोन चाकांचा रोबो. प्रत्येक चाकामागे २० खाचांची चकती आणि चकतीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून बसलेला ऑप्टिकल सेन्सर: एका पायात इन्फ्रारेड एलईडी, दुसऱ्यात फोटोट्रान्झिस्टर, मागे एलएम३९३ कंपॅरेटर (व्होल्टेज ठरलेल्या उंबरठ्याच्या वर आहे की खाली, एवढंच सांगणारी चिप). खाच आली की एक पल्स. चाकाचा व्यास ६५ मिमी, म्हणजे परीघ २०४ मिमी, म्हणजे एका पल्समागे रोबो सुमारे १०.२ मिमी सरकतो. बोर्ड आर्डुइनो ऊनो, छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड. सेन्सर पिन २ आणि ३ वर, कारण ऊनोवर बाह्य इंटरप्टच्या (सिग्नल बदलताच चालू काम थांबवून ठरलेला कोड चालवणाऱ्या) पिना या दोनच. मोटारींचं पीडब्ल्यूएम (पुरवठा झपाझप चालू-बंद करून जोर कमी-जास्त करणं) ९ आणि १० वर.

सरळ मार्ग पहिल्यांदा करून पाहिला. दर ५० मिलिसेकंदांनी किती पल्स आले ते मोजायचे आणि त्यावरून आरपीएम, म्हणजे मिनिटाला फेऱ्या, काढायचा. पडद्यावर आलेले आकडे: ६०, १२०, १२०, ६०, १२०, १२०. मधलं काहीच नाही. आधी वाटलं मोटार झटके देतेय. कागदावर मांडल्यावर कळलं की मोटार शहाणी आहे, वेडेपणा माझ्या मोजणीत आहे. ५० मिलिसेकंदांत एक पल्स म्हणजे सेकंदाला २० पल्स, म्हणजे सेकंदाला एक फेरी, म्हणजे ६० आरपीएम. माझ्या फूटपट्टीवर खुणाच ६०-६० वर आहेत. चाक खरं फिरत होतं १०० ने. त्या तीन-तीन आकड्यांची सरासरी काढली तर बरोब्बर १०० च येते.

एक सेकंदभर मोजलं तर पायरी ३ आरपीएमची होते, पण १०० आरपीएमला तेवढ्या वेळात रोबो ३४ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. वेग कळेपर्यंत भिंत येणार.

५ जून

उलट केलं. ठरलेल्या वेळात पल्स मोजण्याऐवजी दोन पल्समधला वेळ मोजायचा. इंटरप्टमध्ये मायक्रोज फंक्शनने (बोर्ड चालू झाल्यापासूनचे मायक्रोसेकंद) वेळ घ्यायची, आधीची वजा करायची, झालं. २० खाचांसाठी सूत्र फारच सुटसुटीत निघतं: ३०,००,००० भागिले दोन पल्समधले मायक्रोसेकंद. १०० आरपीएमला ३०,००० मायक्रोसेकंद. १६ मेगाहर्ट्झच्या ऊनोवर मायक्रोज ४-४ च्या पायरीने वाढतो, म्हणजे ३०,००० मध्ये ४. कालच्या ६० आरपीएमच्या पायरीपुढे ही पायरी डोळ्यांना दिसतही नाही.

भागाकार इंटरप्टमध्ये ठेवला नाही. तिथे फक्त दोन आकडे साठवायचे, बाकीचं गणित लूपमध्ये, म्हणजे सतत फिरत राहणाऱ्या मुख्य कोडमध्ये.

चाक हवेत ठेवून चालवलं. ९८, १०१, १००, ९९, १०२... बघत बसावंसं वाटलं. मधेच एकदा १४७० आलं. एखादी वायर सैल असेल म्हणून सोडून दिलं.

६ जून

हाव सुटली. पल्सची फक्त चढती कड मोजतोय, उतरतीही मोजली तर दुप्पट वेळा नवा आकडा मिळेल. इंटरप्ट दोन्ही कडांवर लावला. आकडे ८८, ११६, ८८, ११६ असे करवतीच्या दात्यांसारखे. वेळा पाहिल्या तर १७,१०० आणि १२,९००, आलटून पालटून. बेरीज ३०,०००.

खाच आणि तिच्या शेजारचा दात सारख्या रुंदीचे नाहीत, आणि असते तरी कंपॅरेटर त्यांना सारखं दाखवेलच असं नाही. मॉड्यूलवरचा छोटा पोटेन्शिओमीटर स्क्रूड्रायव्हरने जरा फिरवला की १७,१०० चं १६,००० होतं. बेरीज मात्र हलत नाही. एकाच जातीच्या दोन कडांमधलं अंतर तेवढं भरवशाचं. पुन्हा एकाच कडेवर आलो. दीड तास गेला.

८ जून

चाक थांबवलं. पडद्यावर ९९ आरपीएम. दोन मिनिटं झाली, तरी ९९.

अर्थात! नवा पल्स आला तरच नवा आकडा निघतो. चाक थांबलं की पल्सही थांबले, आणि शेवटचा वेग तसाच पडून राहिला. पीआयडीला (ठरलेला वेग टिकवायला मोटारीचा जोर कमी-जास्त करणाऱ्या कोडला) वाटतंय चाक छान चाललंय, आणि प्रत्यक्षात रोबो खुर्चीच्या पायाला अडकून उभा.

पहिला उपाय सगळे करतात तो: २५० मिलिसेकंद पल्स आला नाही तर वेग शून्य. पण मग चाक थांबल्यावर पाव सेकंद ९९ दिसत राहतं आणि एकदम ० वर आपटतं. त्यापेक्षा बरा मार्ग सापडला. समजा मागचं अंतर ३० मिलिसेकंद होतं आणि शेवटच्या पल्सला आत्ता ८० मिलिसेकंद होऊन गेलीत. पुढचा पल्स अगदी या क्षणी आला तरी वेग ३७.५ च्या वर असूच शकत नाही. मग ९९ कशाला दाखवायचं? मागचं अंतर आणि शेवटच्या पल्सपासून उलटलेला वेळ, यांतला जो मोठा तो भाजक. वेग आपोआप उतरत जातो, १२ पर्यंत आला की २५० ची मर्यादा लागते आणि शून्य होतो. पल्स न येणं हीसुद्धा एक माहितीच आहे, आणि मी ती दोन दिवस फेकून देत होतो.

९ जून

नवीन रोग. रोबो सरळ जाता जाता मधेच एक हिसका देतो. दोन-तीन मिनिटांतून एकदा. कालच्या बदलानंतरच सुरू झालंय.

दर वेळी छापत बसलो तर छापण्यातच वेळ जातो (९६०० बॉडला एका अक्षराला एक मिलिसेकंदाहून जास्त), म्हणून फक्त वेग शून्य निघाला की त्या क्षणाचे आकडे छाप, असं लिहिलं. तीन मिनिटं वाट पाहिल्यावर हे मिळालं:

उलटलेला वेळ: ४,२९,४९,६७,२८८.

४३० कोटींच्या आसपासचा आकडा पाहिला की ३२ बिटांचा वास यायला हवा. दोनचा ३२ वा घात ४,२९,४९,६७,२९६. म्हणजे हा आकडा खरं तर उणे ८ आहे. उलटलेला वेळ उणे ८ मायक्रोसेकंद! पल्स भविष्यातून आला.

लूपमध्ये मी आधी ‘आत्ता किती वाजले’ ते घेत होतो, मग इंटरप्ट बंद करून शेवटच्या पल्सची वेळ उचलत होतो. या दोन ओळींच्या फटीत पल्स आला की शेवटच्या पल्सची वेळ ‘आत्ता’च्या पुढची ठरते. वजाबाकी उणे, अनसाइन्डमध्ये (उणे आकडे नसलेल्या प्रकारात) ती प्रचंड, २५० मिलिसेकंदांची मर्यादा ओलांडली, वेग शून्य, पीआयडीने घाबरून जोर लावला, हिसका. हिशेबही जुळतो: सेकंदाला ३३ पल्स, सेकंदाला २० वेळा लूप, ८ मायक्रोसेकंदांची फट, म्हणजे एका चाकाला सरासरी तीन मिनिटांतून एकदा. दोन चाकं आहेत, त्यामुळे कधी त्याआधीच.

दुरुस्ती एका ओळीची. ती ओळ नवीनही नाही, जुनीच खाली सरकवली: इंटरप्ट बंद, पल्सची वेळ उचला, मग ‘आत्ता’ घ्या, इंटरप्ट चालू. इंटरप्ट बंद करणं तसंही लागतंच. ऊनोवरचा एटमेगा ३२८पी आठ बिटांचा आहे, ३२ बिटांचा आकडा तो चार घासांत उचलतो, आणि घास घेता घेता इंटरप्टने ताट बदललं तर अर्धा आकडा जुना, अर्धा नवा. व्होलाटाइल (‘हा आकडा दर वेळी मेमरीतूनच वाच’ अशी कंपायलरला सूचना) लिहिल्याने हे टळत नाही. मला बरेच दिवस वाटायचं की टळतं.

अर्धा तास चालवला. हिसका नाही.

११ जून

१४७० परत आलं. आज तीन वेळा. एकदा ७३५. वायरी सगळ्या हलवून पाहिल्या, एकही सैल नाही.

हाच आकडा पुन्हा पुन्हा का? यादृच्छिक गोंगाट असता तर १३१२, ८८०, २२४७ असं काहीही आलं असतं. उलट सूत्र लावलं: ३०,००,००० भागिले १४७० म्हणजे २०४०. ७३५ म्हणजे ४०८०, बरोबर दुप्पट. कुठलं तरी घड्याळ २०४० मायक्रोसेकंदांनी ठोके देतंय.

बोर्डच्या मेमरीत ६४ वेळांचा गोल बफर (भरला की सगळ्यात जुन्यावर नवं लिहिणारी यादी) केला (एकेक वेळ ४ बाइट, म्हणजे २ किलोबाइटमधले २५६ गेले, चालतील). रोबो चालवायचा, दीड हजाराच्या आसपास आकडा दिसला की बफर गोठवायचा, मोटार थांबवून मग निवांत छापायचा. एक तुकडा जसाच्या तसा, दोन लागोपाठच्या वेळांमधली अंतरं:

९८,७१२
१,००,३४४
२,०४०
२,०४४
९५,१०८
१,००,२९६

पाचव्यात दोन भुतांची बेरीज मिळवली की ९९,१९२. म्हणजे मधले दोन पल्स खाचेचे नाहीतच. एकाच कडेवर सेन्सर तीनदा ‘आली, आली, आली’ म्हणतोय.

२०४० कुठून आलं ते माझ्याआधी जोडीदाराच्या लक्षात आलं. “तुझं पीडब्ल्यूएम किती हर्ट्झचं आहे?” ऊनोवर ९ आणि १० या पिनांवर ४९० हर्ट्झ. १० लाख भागिले ४९०.२ म्हणजे २०४०. पुढे बोलायची गरजच उरली नाही.

तरी तीन तपासण्या केल्या, नाहीतर उद्या स्वतःवरच शंका घेत बसलो असतो. पहिली: मोटार बंद, चाक हाताने फिरवलं, दोनशे पल्स, एकही भूत नाही. दुसरी: पीडब्ल्यूएम २५५ वर, म्हणजे सतत चालू, उघडझाप बंद. भूत नाही. तिसरी सगळ्यात गोड: मोटारीच्या वायरी काढून पिन ५ आणि ६ वर नेल्या. तिथलं पीडब्ल्यूएम वेगळ्या टाइमरवर चालतं, आवर्तन १०२४ मायक्रोसेकंदांचं. भुतांमधलं अंतर १०२४ झालं आणि पडद्यावर १४७० च्या जागी २९३० यायला लागलं.

पुन्हा ९ आणि १० वर आलो. ओळखीचं भूत बरं.

१२ जून

भूत खाचेच्या कडेवरच का येतं, आणि हळू चालताना जास्त का येतं, यावर आज बसलो. कोड एक ओळही लिहिला नाही.

खाचेची कड किरणापुढून जाते तेव्हा उजेड एकदम बदलत नाही, हळूहळू चढतो. त्या चढावर कुठेतरी कंपॅरेटरचा उंबरठा आहे. मोटार पीडब्ल्यूएमच्या प्रत्येक ठोक्याला करंट ओढते, पुरवठा किंचित हलतो, आणि उंबरठ्यावर उभा असलेला कंपॅरेटर आत-बाहेर होतो. या मॉड्यूलवर हिस्टेरेसिस नाही, म्हणजे आत येण्याचा आणि बाहेर जाण्याचा उंबरठा एकच.

चकतीवर खाचा मध्यापासून १० मिमीवर आहेत. समजा कडेचा हा डळमळीत पट्टा ०.२ मिमी रुंद आहे. ३० आरपीएमला कड सेकंदाला ३१ मिमी सरकते, पट्टा ओलांडायला साडेसहा मिलिसेकंद लागतात, तेवढ्यात पीडब्ल्यूएमचे तीन ठोके पडतात. १५० आरपीएमला तोच पट्टा १.३ मिलिसेकंदांत पार, तेवढ्यात फार तर एक ठोका. ०.२ हा माझा अंदाज, पण जे दिसतंय त्याला तो शोभतो.

१३ जून

तरीही आधी कोडनेच मारायचा प्रयत्न केला. सवय.

पहिला फिल्टर: मागच्या पल्सनंतर ५ मिलिसेकंदांत आलेला पल्स खोटा. ५ मिलिसेकंद म्हणजे ६०० आरपीएम, ही मोटार हवेतही २१० च्या वर जात नाही, त्यामुळे खरा पल्स मरायची भीती नाही. १४७० गेलं, ७३५ गेलं. मग हळू चालवलं आणि पडद्यावर ४९०. तीन ठोक्यांनंतरचं भूत, ६१२० मायक्रोसेकंद, पाचाच्या कुंपणावरून उडी मारून आत. (४९० आरपीएम आणि ४९० हर्ट्झ हा आकड्यांचा योगायोग. सूत्रात ३० लाख आहेत आणि ठोके तीन, म्हणून. यावर मी दहा मिनिटं खर्च केली.)

दुसरा फिल्टर जास्त हुशार, म्हणून जास्त घातक. कुंपण वेगाप्रमाणे हलवायचं: नवं अंतर मागच्या अंतराच्या ६० टक्क्यांहून कमी असेल तर पल्स फेकायचा. टेबलावर झकास चाललं. जमिनीवर ठेवून ८० आरपीएमचं लक्ष्य दिलं. पडद्यावर ८०, स्थिर, देखणे ८०, आणि रोबो सुसाट सुटून कपाटावर.

कपाटाजवळ बसूनच उलगडा केला. समजा सुरुवातीला चाक हळू, अंतर ७० मिलिसेकंद. कुंपण ४२ वर. चाकाने वेग घेतला, खरं अंतर ३० झालं. ३० वर पल्स आला, ४२ च्या आत, फेकला. पुढचा ६० वर आला, घेतला. आता मागचं अंतर ६०, कुंपण ३६. ३० वर पल्स, फेकला. ६० वर, घेतला. पुन्हा कुंपण ३६. यातून सुटका नाही. एकाआड एक पल्स कायमचा फेकला जातो आणि निम्मा वेग दिसतो. पीआयडी बिचारा दाखवलेला वेग ८० होईपर्यंत जोर लावत गेला, म्हणजे खरा वेग १६०, सेकंदाला ५४ सेंटिमीटर.

५० टक्के ठेवलं तर नेमकं सीमेवर बसतं, ४० ठेवलं तर सुटतं पण मग भुतंही सुटतात. आकडे बदलत बसलो तर एखादा चालणारा सापडेल, आणि दुसऱ्या जमिनीवर पुन्हा फसेल. वेळेचं कुंपण सगळ्या वेगांना पुरेल असं बांधताच येत नाही, कारण डळमळीत पट्टा वेळेत नाही, चकतीवर आहे.

१५ जून

जोडीदाराने दोन्ही मोटारींच्या टोकांवर ‘१०४’ छापलेले सिरॅमिक कपॅसिटर सोल्डर केले, १०० नॅनोफॅरडचे. सेन्सरच्या वायरी मोटारीच्या जुडीतून सोडवून पीळ देऊन वेगळ्या नेल्या, सेन्सरचं ग्राउंड थेट बोर्डला. चाकाच्या शंभर फेऱ्यांत आधी ४१ भुतं होती, आता ९. फायदा मोठा आहे, पण ९ म्हणजे शून्य नव्हे.

१७ जून

दुसरा सेन्सर लावायचा. प्रत्येक चकतीवर दोन, अ आणि ब, एकमेकांपासून ९० अंशांवर. क्वाड्रेचर. दिशा कळेल हा बोनस, मला हवंय ते वेगळंच: अ कडेवर डळमळत असताना ब खाचेच्या मध्यावर असेल, म्हणजे ठाम.

जोडीदाराने गुण्या लावून दुसरा सेन्सर अगदी काटकोनात बसवला. चाक हाताने फिरवलं. दोन्ही मॉड्यूलवरचे दिवे एकदम लागतात, एकदम विझतात. पुन्हा फिरवलं. एकदम.

“वायर एकच तर नाही ना जोडलीस दोन्हीकडे?”

नव्हती. मग मी भागाकार केला आणि दोघंही गप्प झालो. २० खाचा, म्हणजे दोन खाचांमध्ये १८ अंश. ९० भागिले १८, बरोबर ५. काटकोनात बसवला म्हणजे पाच पूर्ण खाचा सोडून तंतोतंत तशाच जागी. क्वाड्रेचरचे ९० अंश हे एका खाचेच्या आवर्तनाचे, चाकाच्या फेरीचे नव्हेत. एका खाचेचा चौथा भाग ४.५ अंश, तेव्हा सेन्सर हवा ९४.५ वर. दहा मिमी त्रिज्येवर हा फरक जेमतेम पाऊण मिलिमीटर. स्क्रूचं भोक कानशीने लांबट केलं आणि दिवे पाहत पाहत सरकवलं: अ लागला, ब लागला, अ विझला, ब विझला. इथे घट्ट.

१८ जून

चारही वायरी ए० ते ए३ वर आणल्या. या पिना एकाच पोर्टवर असल्याने पिन बदलाचा एकच इंटरप्ट चारहींना पुरतो, आणि पोर्ट एकदाच वाचला की चारही सेन्सरची एकाच क्षणाची स्थिती हातात येते. त्या पिनांवर हा इंटरप्ट कुठली पिन बदलली ते सांगत नाही, पण जुनी स्थिती जपून ठेवली असली की सांगायची गरज नाही.

कोडचा गाभा १६ खणांचा एक तक्ता. जुने दोन बिट, नवे दोन बिट, मिळून सोळा शक्यता. चारांत काहीच बदल नाही, चारांत एक पाऊल पुढे, चारांत एक पाऊल मागे, आणि उरलेल्या चारांत दोन्ही बिट एकदम बदललेले. तसं घडूच नये, घडलं तर काहीतरी चुकलंय. त्या चारांसाठी वेगळा चूक-मोजक ठेवला.

आता मुख्य गोष्ट. वेळेची नोंद प्रत्येक इंटरप्टला नाही. पावलांचा मोजक मागच्या नोंदीपासून पूर्ण चार पावलं दूर गेला, तरच. चार पावलं म्हणजे एक आख्खी खाच, म्हणजे पुन्हा त्याच जातीची कड, त्यामुळे ६ जूनची करवतही नाही. आणि भूत आलं तर? अ डळमळला: एक पाऊल पुढे, एक मागे, एक पुढे. ब ठाम, म्हणून मोजक त्याच दोन आकड्यांत झुलत राहतो. चार पावलं दूर जाण्यासाठी चकतीला खरोखरच फिरावं लागतं. कुंपण आता वेळेत नाही, चकतीवरच आहे, त्यामुळे ५ आरपीएम असो की २००, एकच नियम पुरतो.

दिशा बदलली की पहिलं अंतर फेकून द्यायचं, कारण उलट फिरताना तीच कड दुसऱ्या बाजूने येते. एवढाच अपवाद.

शंभर फेऱ्या, २० ते १८० आरपीएम, वर-खाली. भुतं ०. चूक-मोजक ०. इंटरप्टमधले कच्चे बदल मोजले तर भुतं अजूनही येताहेत, फक्त त्यांना आता आत प्रवेश नाही.

१९ जून

आकडे स्वच्छ झाल्यामुळे आधी गोंगाटात झाकलेलं एक दिसू लागलं. १०० आरपीएमला अंतरं २९,१०० पासून ३०,९०० पर्यंत हळूहळू चढतात, हळूहळू उतरतात, आणि वीस नोंदींनी तीच लाट परत. वीस म्हणजे एक फेरी. चकती मध्यावर बसलेली नाही. ±३ टक्के लाट, १० मिमी त्रिज्या, म्हणजे मध्य ०.३ मिमीने सरकलेला.

पूर्ण फेरीची सरासरी घेतली की लाट नाहीशी होते. आत्ताच्या नोंदीतून वीस नोंदींपूर्वीची वजा करायची, झालं. पण मग आकडा सरासरीने अर्धी फेरी जुना असतो, १०० आरपीएमला ०.३ सेकंद. पीआयडीला इतकी शिळी बातमी चालत नाही. प्रत्येक खाचेचा दुरुस्ती-गुणक साठवायचा हा दुसरा विचार, पण चालू केल्यावर पहिली खाच कुठली ते ओळखायला खूणच नाही.

शेवटी जोडीदाराने चकती काढली, दांड्यावर कागदाची एक पातळ पट्टी गुंडाळली आणि परत दाबून बसवली. लाट ±१ टक्क्यावर. इतक्यावर पीआयडी तक्रार करत नाही. पडद्यावर दाखवायला पूर्ण फेरीची सरासरी, पीआयडीला एका खाचेचं अंतर, असे दोन आकडे ठेवले.

टाइमर १ चं इनपुट कॅप्चर वापरावं का, हाही विषय निघाला. हार्डवेअरच कडेची वेळ टिपतं, अर्ध्या मायक्रोसेकंदापर्यंत सहज. पण ऊनोवर ते एकाच पिनेवर आहे, माझी चाकं दोन, शिवाय ९ आणि १० चं पीडब्ल्यूएम त्याच टाइमरवर. ३०,००० मध्ये ४ ची चूक सुधारायला एवढा खटाटोप नको, तिथे चकतीच ३०० ची चूक करतेय.

२१ जून

दोन तपासण्या उरल्या होत्या.

मायक्रोजचा आकडा ३२ बिट भरले की शून्यावर येतो, म्हणजे ७१ मिनिटं ३५ सेकंदांनी. तेवढं थांबायला नको म्हणून वेळ वाचणाऱ्या जागी एक मोठा आकडा मिळवला, जेणेकरून चालू केल्यावर दहाव्या सेकंदालाच घड्याळ उलटेल. ‘आत्ता वजा तेव्हा’ अशी वजाबाकी असलेल्या सगळ्या जागा सुखरूप पार पडल्या. एका जागी मात्र मी ‘आत्ता, तेव्हा अधिक २५०,००० पेक्षा मोठं आहे का’ असं लिहिलं होतं. ती घड्याळ उलटताना चुकली, तिथे एकदा उगाच शून्य आलं. वजाबाकीत बदललं.

मग खऱ्या वेगाशी ताळा. चाकावर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला आणि फोनच्या कॅमेऱ्याने सेकंदाला २४० चित्रांचा व्हिडिओ घेतला. दहा फेऱ्यांना १,४३८ चित्रं, म्हणजे ५.९९१७ सेकंद. बोर्डने त्याच दहा फेऱ्यांना, २०० नोंदींना, ५.९९२४ सेकंद सांगितले. फरक एका चित्राच्याही आत. चित्रं मोजायला चाळीस मिनिटं लागली, दोनदा चुकलो. ऊनोच्या मुख्य चिपचं घड्याळ क्वार्ट्झवर नसून सिरॅमिक रेझोनेटरवर चालतं, त्याची चूक अर्ध्या टक्क्याच्या घरात असू शकते, त्यामुळे दशांशानंतरचे आकडे मी छापतच नाही.

डाव्या चाकाची चकती अजून कागदाशिवायच आहे. ती उद्या.